पाहुण्याची वही

त्याला गावात येऊन सव्वीस वर्षं झाली होती आणि गाव त्याला अजून पाहुणा म्हणत होतं. आता कोणी म्हणेल, अरे वा, केवढा हा मान! मान कसला डोंबलाचा. "ए पाहुणे, इकडे ये," अशी ती हाक. या पाहुण्याला सव्वीस वर्षांत फारसं कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, बस म्हटलं नाही, पण "मग, परत कधी जाणार?" हे विचारायला मात्र कोणी चुकलं नाही. पहिली काही वर्षं तो बिचारा उत्तर द्यायचा. पुढे पुढे नुसती हातातली चावी वर करून दाखवायला लागला. चावी दिसली की विचारणाऱ्याला आठवायचं, हा गेला तर उद्या सकाळी आपल्या नळाला पाणी कोण सोडणार? मग तो घाईघाईने हवेबद्दल बोलायला लागायचा.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे हं. छातीइतकी उंच, लोखंडी दांड्याची, व्हॉल्व फिरवायची चावी. गावाची टाकी टेकडीवर, खाली एकशे बारा घरं, आणि त्या घरांचे व्हॉल्व रस्त्याखाली, कुंपणाखाली, एकदोन तर चक्क गुलाबाच्या वाफ्याखाली. पहाटे उठून गल्लीगल्लीने ते उघडत जायचं आणि नऊला परत बंद करत यायचं, हे पाहुण्याचं काम. कुठे पाइप फुटला तर तो एक सळई जमिनीत रोवायचा, वरचं टोक कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. दोन हात खाली, मातीच्या आत, पाणी कुठे फुसफुसतंय ते त्याला बरोबर ऐकू यायचं. पण त्याच्याशी बोलताना अख्खं गाव ओरडून बोलायचं. कातडीचा रंग वेगळा, बोलण्याची ढब वेगळी, म्हणजे माणूस बहिराही असणार, अशी गावाची समजूत होती.

तो आला तोसुद्धा पाण्यापायीच. आधीचा पाणीवाला टाकीच्या शिडीवरून घसरून गेला, आणि जाताना कुठला व्हॉल्व कुठे आहे ते डोक्यात घेऊन गेला. नऊ दिवस गाव कोरडं. समितीने गावातल्या तीन तरण्याबांड पोरांना काम विचारलं, तर तिघांचीही कंबर एकाच दिवशी धरली. दहाव्या दिवशी स्टँडवर एक जोडपं बस बदलायला उतरलं. दूरच्या देशातून आलेलं, पुढे शहरात कारखान्यात निघालेलं. त्यातल्या माणसाने प्यायला पाणी मागितलं. "पाणी? गावालाच नाहीये, तुला कुठून देऊ!" असं म्हणून लोकांनी त्याच्यावरच डाफरायला सुरुवात केली. तो म्हणाला, मी आमच्याकडे पाइपांचंच काम करत होतो, बघू का? तिसऱ्या दिवशी नळ वाजले. समिती खूष झाली आणि तिने ठराव केला, की या माणसाला तात्पुरता ठेवावा.

तो ठराव अजून तसाच होता. राहायला त्यांना जुनं पंपघर दिलं, तेही तात्पुरतं. एकच खोली. पंप काढून नेला होता, पण त्याचे चार बोल्ट फरशीतून वर आलेले तसेच. त्यांना ठेचकाळून ठेचकाळून बायकोच्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडला. आणि गंमत ऐका, गावची मुख्य लाइन नेमकी त्या खोलीच्या खालून जायची. रोज पहाटे एकशे बारा घरांचं पाणी यांच्या खाटेखालून खळखळत जायचं आणि यांच्या घरात थेंब नाही. नळजोडणीचा नियम होता, अर्जदार गावकरी पाहिजे, आणि गावकरी असल्याचं समितीचं पत्र पाहिजे. पाहुण्याने पहिल्याच वर्षी अर्ज केला. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "अरे, तू आत्ता तर आलायस!" मग त्याने दर वर्षी अर्ज केला, आणि दर वर्षी तो पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं.

त्यामुळे बायको टाकीवर जायची. टाकी भरून वाहिली की एका आखूड पाइपातून पाणी पडायचं, तिथे डबे भरायचे आणि खाली आणायचे. त्र्याण्णव पायऱ्या. दिवसा ती बेकरीच्या मागच्या अंगाला तवे घासायची. बारा वर्षं घासत होती. पुढे गल्ल्यावर तिला उभं करत नसत. बेकरीवाला म्हणायचा, "मला काही नाही गं, पण गिऱ्हाइकाला सवय नाही." यंदा तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरने सांगितलं, पायऱ्या बंद. ती घरी येऊन म्हणाली, "अहो, तुमच्याकडे पाना आहे, भोक पाडायला गिरमिट आहे, पाइप खाटेखाली आहे. अर्ध्या तासाचं काम. कोणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना," तो म्हणाला. "चोरीचं पाणी नको. यंदा पत्र मिळेल."

"मिळेल, मिळेल! मला पोचवायला याल तेव्हा हातात घेऊन या ते पत्र," असं म्हणून तिने डबे उचलले, आणि गुडघा दाबत परत ठेवले. त्या दिवसापासून डबे तो आणायला लागला. साठीच्या घरात आलेला माणूस, पहाटे गावाला पाणी सोडायचा आणि मग स्वतःसाठी दोन डबे घेऊन पायऱ्या उतरायचा. सत्ताविसावा अर्ज त्याने स्वतः चिटणिसांच्या हातात दिला आणि म्हणाला, "साहेब, यंदा तरी बघा. तिला आता चालवत नाही." चिटणिसांनी तो जपून ठेवला. त्यांच्याकडे आधीचे सव्वीसही जपून ठेवलेले होते.

आता या वहीचं सांगतो. पाणी सोडायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं, की व्हॉल्व सापडतोय, पण कुठला कोणाचा ते लिहून ठेवायला हवं. नावं विचारायला गेला तर दार किलकिलं व्हायचं आणि "तुला काय करायचंय नाव?" म्हणून बंद व्हायचं. मग काय करेल तो? त्याने एक जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि ज्या घरी जे झालं तेच त्या घराचं नाव म्हणून लिहिलं. त्याच्या मनात त्यात काही वाईट नव्हतं बरं का. ओळखीची खूण म्हणून लिहिलं, कोणी वळणावरचं झाड लिहील तसं. बायको म्हणाली, "लिहायचंय ते आपल्या लिपीत लिहा." तर हा शहाणा म्हणतो, "वही गावाच्या कामाची आहे. उद्या मी घसरलो तर मागून येणाऱ्याला वाचता यायला हवी." शाळेने रद्दीत काढलेलं पहिलीचं पुस्तक आणून रोज संध्याकाळी गिरवून गिरवून तो गावाची भाषा लिहायला शिकला. अक्षर तर असं सुबक काढायचा की शाळेतल्या पोरांनी लाजावं.

त्यात एकच नोंद खऱ्या आनंदाने लिहिलेली होती. अध्यक्षांच्या घरची. तेव्हा ते अध्यक्ष नव्हते, नुसते मोठे होते. त्यांच्या अंगणात व्हॉल्व शोधता शोधता पाहुण्याला तहान लागली. बाईंनी पाणी दिलं, जाड काचेच्या पेल्यात, वर दोन निळ्या रेघा. पिऊन त्याने पेला पुढे केला, तर त्या दोन पावलं मागे सरकून म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. ठेव तुलाच." याला कोण आनंद! धावत घरी आला, बायकोला पेला दाखवला आणि वहीत लिहिलं, "पेला भेट देणारं घर." बायकोला तिथल्या तिथे कळलं. पण नवऱ्याचा चेहरा बघून ती बोलली नाही. याला कळायला अकरा वर्षं लागली. त्याच अंगणात शहरातून आलेल्या मिस्त्रीला तसाच पेला दिला, आणि तो परत घेऊन धुऊन कपाटात ठेवलेला याने पाहिला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. नोंद मात्र त्याने खोडली नाही, कारण व्हॉल्वची जागा बरोबर होती.

तर यंदा जिल्ह्याहून नवी पाइपलाइन मंजूर झाली. जिल्ह्याचे साहेब यायचे होते आणि त्यांना नकाशा हवा होता. अध्यक्षांनी कागदावर बिनदिक्कत लिहून दिलं होतं, "नकाशा अद्ययावत आहे." आता नकाशा कुठून आणायचा? धावाधाव झाली. मग कोणाला तरी वही आठवली. अध्यक्षांनी पाहुण्याला बोलावलं. शेजारी त्यांचा जावई उभा होता. चारच वर्षांपूर्वी कुठूनसा येऊन गावात राहिलेला. पण रंग जुळत होता, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच तो "आपला माणूस" झाला होता आणि दुसऱ्या महिन्यात त्याच्या घरी नळ आला होता.

"पाहुणे," अध्यक्ष ओरडून बोलले, "वही आण. आणि जावईबापूंना सगळं नीट दाखव. यापुढे कायमचे पाणीवाले हे होणार. तू थकलास आता."

जावईबापूंनी सळई कानाला लावून बघितली आणि आनंदाने म्हणाले, "छान आहे. काहीच ऐकू येत नाही."

पाहुण्याच्या पायाखालची जमीन सरकली. काम गेलं म्हणजे पंपघर गेलं, आणि पंपघर गेलं तर नळ कशाला हवा? त्याने धीर करून विचारलं, "आणि माझा अर्ज?" अध्यक्ष म्हणाले, "आधी वही तर दे, मग बघू." वहीचं नाव परत निघाल्यावर त्याला आत काय लिहिलंय ते आठवलं, आणि तोंडचं पाणीच पळालं. तो घाईने म्हणाला, "मला दोन दिवस द्या. मी स्वच्छ नवी लिहून देतो."

"तू लिहिणार? अरे, तू चित्रंबित्रं काढली असशील, चिटणीस लावतील त्याचा अर्थ. दे इकडे!" आणि वही गेली.

सभा भरली शाळेच्या हॉलमध्ये. सगळी घरं हजर, कारण साहेबांचा नियम होता, नोंद वाचायची, घरमालकाने उठून "हे माझं घर" म्हणायचं, पुढे सही करायची. ज्याची सही त्याला नवं पाणी. साहेब काही समाजसुधारक वगैरे नव्हते हो. त्यांना सर्दी झाली होती आणि पाचची बस गाठायची होती. पाहुणा मागच्या दाराशी उभा होता. त्याने शेवटचा प्रयत्न केला, "साहेब, मी वाचतो..."

"तू बस रे! तुला काय वाचता येतंय?" अध्यक्ष म्हणाले, आणि चार जण हसले. चिटणिसांनी चष्मा लावला, वही उघडली, अक्षर बघून भुवया वर केल्या आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"घर पहिलं. कुत्रा अंगावर सोडला ते घर. व्हॉल्व कुंपणाच्या आत, उजव्या खांबापासून चार पावलं, चावीचे अकरा फेरे. कुत्रा आता मेला, तरी सावध राहावे."

साहेबांनी नाक पुसलं. "कोणाचं हे?"

कोणी उठेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सही नाही तर पाणी नाही. पुढे."

"आहे, आहे, आमचं आहे!" न्हावी उठला. लालबुंद होऊन पुढे गेला आणि सही केली. त्याची बायको जमिनीकडे बघत होती.

"घर दुसरं. 'तुमच्यात अंघोळ करतात का' असं विचारलेल्या बाईंचं घर. पायरीखाली, सहा फेरे. घर तिसरं. मला बघून मुलांना आत ओढून घेतलं ते घर. घर चौथं. पोलिसांना बोलावलं ते घर, पहिलं. घर पाचवं. पोलिसांना बोलावलं ते घर, दुसरं."

इथे भांडण लागलं. शिंपी म्हणत होता, आपण दुसरे. शेजारी म्हणत होता, छे, दुसरा मी, तुझ्याच सांगण्यावरून बोलावले होते. दोघांनाही पहिलं व्हायचं नव्हतं. साहेब वैतागून म्हणाले, "अहो, व्हॉल्व कुठे आहे त्यावरून ठरवा ना!" व्हॉल्वने शिंप्याला पहिलं ठरवलं. बेकरीवाल्याने आपली नोंद पुरी वाचूच दिली नाही, "कळलं, कळलं, माझंच ते," म्हणत सही करून मोकळा झाला. एका जागी चिटणीस अडखळले, खोकले आणि पान उलटायला लागले. साहेबांनी वही ओढून स्वतः वाचलं, "चिटणिसांचा गोठा. नळ नाही, पण पाणी आहे." चिटणिसांनी चष्मा पुसायला काढला, तो बराच वेळ पुसत बसले.

मग आलं घर एकतिसावं. "'ये रे, बस, दमलास' म्हणाले ते घर." आणि काय सांगू तुम्हाला, सात हात वर झाले! सातही जण एकमेकांकडे बघत, पण हात खाली घेईनात. साहेबांनी मागच्या दाराकडे बघत पाहुण्याला विचारलं, "अहो, तुम्हीच सांगा. कोणाचं?"

सगळं गाव मागे वळलं. पाहुणा हळूच म्हणाला, "या सातांपैकी कोणाचंच नाही. ते आजोबा एकटे राहायचे. चौदा वर्षांपूर्वी गेले. घराला कुलूप आहे." सात हात खाली आले.

अध्यक्षांची नोंद शेवटच्या पानावर होती. चिटणीस पुटपुटले, "पेला भेट देणारं घर."

"अरे वा!" साहेब पहिल्यांदाच खुलले. "एक तरी चांगली नोंद निघाली. कोणाचं हे? पेला का बरं भेट दिला?"

हॉलमध्ये पेला का दिला हे न समजलेला एकच माणूस होता, आणि ते म्हणजे साहेब. अध्यक्षीणबाई पदर सावरत खिडकीबाहेर बघायला लागल्या. अध्यक्ष उठले, सही करून बसले. पेन त्यांच्या हातातच राहिलं. साहेबांनी पानं मोजली, फॉर्म भरला आणि म्हणाले, "नकाशा उत्तम आहे. हा माणूस लाइन पुरी होईपर्यंत कामावर लागेल मला, याला हलवू नका. हं, तुमचं घर कुठलं यात?"

"माझं नाही यात."

"का?"

"माझ्याकडे नळ नाही, साहेब. सत्तावीस अर्ज झाले. बायको टाकीवरून आणायची, आता तिच्याने होत नाही, म्हणून मी आणतो." त्याचा आवाज चढला होता, बहुधा सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. "तुमची लाइन माझ्या खाटेखालून जाते."

साहेब शिंकले. म्हणाले, "फॉर्मात पाणीवाल्याच्या नळाचा रकाना रिकामा चालत नाही मला," आणि बसला पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंपघराचं दार वाजलं. दारात अध्यक्ष, हातात कागद. "पाहुणे, आहात का घरात?" एका रात्रीत 'आहात' झालं होतं. आत येताना ते बोल्टला ठेचकाळले. खाटेवर टेकले, इकडे तिकडे बघत राहिले. बाहेर ऊन होतं आणि ते घामाघूम झाले होते.

"हे घ्या पत्र," ते म्हणाले. "नळ मंजूर."

पाहुण्याने कागद दोन्ही हातांनी घेतला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. "तात्पुरती जोडणी," त्याने मोठ्याने वाचलं.

"म्हणजे तसं नुसतं लिहायची पद्धत आहे हो. पुढच्या बैठकीत बघू," अध्यक्ष म्हणाले. "पण ते पेल्याचं तेवढं... ती वही आता जिल्ह्याच्या दप्तरात जाणार. तेवढं एक नाव बदलून द्या. लोक हसतात."

पाहुण्याला राग आला होता आणि हसूही येत होतं, आणि काय आधी करावं ते समजत नव्हतं. तेवढ्यात बायको लंगडत कोपऱ्यातल्या डब्याशी गेली आणि पाणी घेऊन आली. जाड काचेच्या पेल्यात, वर दोन निळ्या रेघा.

अध्यक्षांनी पेला ओळखला. घेऊ की नको असं त्यांचं झालं, पण तहान लागली होती. एका दमात प्यायले आणि पेला पुढे केला. ती दोन पावलं मागे सरकली.

"राहू द्या, राहू द्या," ती म्हणाली. "ठेवा तुम्हालाच."

अध्यक्ष उठले. पेला खिशात मावेना, टाकून देता येईना. तसाच हातात धरून ते बाहेर पडले आणि भर दुपारी बेकरीवरून, न्हाव्याच्या दुकानावरून, शिंप्याच्या ओट्यावरून घराकडे निघाले. लोक माना वळवून बघत होते.

"अगं, काय केलंस हे?" पाहुणा दारातून बघत म्हणाला. "सव्वीस वर्षं जपला होतास तो पेला."

"त्यांचा सहाचा संच आहे," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकवलेलं गिरमिट उचलून तिने त्याच्या हातात दिलं. "झाला आता पुरा. चला, मंजुरीचा कागद आलाय ना? खाट सरकवा."